दुसऱ्या केबलची किंमत

बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याला वाटांची कमतरता नाही. धुळे-सोलापूर महामार्ग इथून जातो आणि पाटोद्याकडून येणारा रस्ता त्याला इथेच छेदून पुढे नेकनूर, केज, अंबाजोगाई गाठतो. घाटात ट्रक आडवा झाला की माहीतगार ड्रायव्हर दुसरीकडून गाडी काढतो. इंटरनेटला मात्र गावोगावी अशी सोय ठेवलेली नव्हती. केंद्राने 2011 मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ असे नाव मिळालेल्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत ऑप्टिकल फायबरची सरळ रेघ ओढली गेली. रेघ मध्येच तुटली की पलीकडची सगळी गावे गप्प. सातबारा निघत नाही, पीक विम्याचा अर्ज भरता येत नाही, आणि सेवा केंद्रातला मुलगा ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून मोकळा होतो. बिचारा सर्व्हर बहुतेकदा ठणठणीत असतो.

दुसरी केबल टाकल्याने नेमका किती फरक पडतो? समजा, एक केबल वर्षातला एक टक्का वेळ बंद असते, म्हणजे साडेतीन दिवसांहून थोडी अधिक. तशीच दुसरी केबल वेगळ्या वाटेने आणली, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता एक टक्क्याचा एक टक्का, म्हणजे वर्षाकाठी सुमारे 53 मिनिटे. तिसरी आणली तर जेमतेम अर्धे मिनिट. खर्च दर वेळी जवळपास तेवढाच, पण दुसरी केबल दिवस वाचवते आणि तिसरी मिनिटे. म्हणून खेड्यांसाठी सरकारने दुसरीवर हात आखडू नये आणि तिसरीच्या नादी लागू नये, असे मला वाटते.

मात्र हा गुणाकार ‘वेगळ्या वाटेने’ या अटीवर उभा आहे. दोन्ही केबल एकाच चरात टाकल्या तर जेसीबीचा एक फटका दोघींना पुरतो. कागदावर त्या दोन असतात, हिशेबात एकच. देशात खोदकामामुळे केबल तुटण्याच्या घटना वर्षाला सुमारे 10 लाख असून त्यातून 3,000 कोटी रुपयांचे नुकसान होते, असा सरकारचाच अंदाज आहे. खोदण्याआधी विचारा, असे सांगणारे ॲप 2023 च्या मार्चमध्ये त्यासाठीच आले. मांजरसुंब्यापुरते बोलायचे तर एक केबल बीडकडून घाट चढून आली असेल, तर दुसरीने नेकनूर किंवा पाटोद्याच्या अंगाने यायला हवे. तिथेच पैसा लागतो. फायबरची काच केसाएवढी बारीक आणि त्या मानाने स्वस्त, पण ती दीड मीटरहून खोल पुरायची असते, आणि बालाघाटात थोड्या मातीमुरुमाखाली काळा पाषाण लागतो. खरी किंमत चराची असते.

4 ऑगस्ट 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटला 1,39,579 कोटी रुपये मंजूर केले. त्यात ग्रामपंचायती सरळ रेघेऐवजी कड्यात, म्हणजे रिंगमध्ये जोडायच्या आहेत. एका बाजूने तुटले तर माहिती उलट्या बाजूने फिरून येते. 2.64 लाख ग्रामपंचायतींवर रक्कम विभागली तर प्रत्येकीच्या वाट्याला साधारण 53 लाख येतात. यात घरोघरी जोडण्याही आहेत आणि दहा वर्षांची देखभालही. हा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारातून जमणाऱ्या निधीतला, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्या रिचार्जमधलाच.

या आकड्यातला मला सर्वांत पटणारा भाग देखभालीचा आणि वीज गेल्यावर चालणाऱ्या बॅटऱ्यांचा आहे. त्याच्या जोडीला फायबरवर दुरून पाळत ठेवणारी यंत्रणा आहे. ती केबलमध्ये प्रकाशाचा ठोका सोडते आणि परत येणाऱ्या क्षीण प्रकाशाची वेळ मोजते. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणून ठोका 100 मायक्रोसेकंदांनी परतला तर तूट 10 किलोमीटरवर. दुरुस्तीच्या माणसाला मग केजपर्यंतचा रस्ता न्याहाळत बसावे लागत नाही. दोन दिवसांची तूट सहा तासांवर आली, तर वरच्या गुणाकारातला एक टक्काच घटतो, आणि त्यासाठी नवा चर खणावा लागत नाही. आपल्याकडे मात्र उद्घाटनात किती किलोमीटर केबल टाकली ते सांगतात. ती किती तास बंद होती, हे कुणी फलकावर लावत नाही.

चर टाळायचा आणखी एक मार्ग आकाशातून जातो. महाराष्ट्राने 2025 च्या नोव्हेंबरमध्ये उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकबरोबर इरादापत्र केले. त्यात शेजारच्या धाराशिवसह गडचिरोली, नंदुरबार, वाशीम यांचा उल्लेख आहे, बीडचा नाही. सुमारे 550 किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांना घाटातल्या जेसीबीची भीती नसते. पण तिथली क्षमता मोठ्या भूभागावर वाटली जाते. तहसील, पोलीस ठाणे, आरोग्य केंद्र यांना राखीव सोय म्हणून ती शोभते, अख्ख्या गावाला पुरवठा म्हणून नव्हे.

आणि एक प्रसंग असा की ज्यात सगळेच मार्ग एकदम बंद होतात. 2023 च्या ऑक्टोबरअखेर आरक्षण आंदोलनात हिंसाचार झाला तेव्हा बीडमध्ये इंटरनेट बंद ठेवले गेले. केबल, टॉवर, बॅटऱ्या, सगळे जागच्या जागी होते. तुटले काहीच नव्हते. अशा आदेशापुढे दुसरी केबलही पहिलीइतकीच बंद असते, मग ती नेकनूरवरून आलेली असो की पाटोद्यावरून.