हक्कसोडपत्रावर मित्राची सही

सिगाल नावाच्या तरुणाची कथा आपल्या विहारांतून नेहमी सांगितली जाते. राजगृहाबाहेर पहाटे ओल्या अंगाने, ओल्या केसांनी तो सहा दिशांना हात जोडत उभा होता. भिक्षेला निघालेल्या भगवान बुद्धांनी त्याला कारण विचारले. तो म्हणाला, वडिलांनी मरताना तसे सांगून ठेवले आहे. म्हणजे बापाच्या मृत्यूनंतर पोराच्या वाट्याला आलेला तो वारसा होता. तथागतांनी बापाचा शब्द मोडायला सांगितले नाही, त्या शब्दाचा अर्थ बदलून दिला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे कामकरी आणि वरची दिशा म्हणजे श्रमण.

ही कथा सांगताना आपण दोन जागा घाईने ओलांडतो. एक, आईवडिलांच्या पाच कर्तव्यांमध्ये योग्य वेळी वारसा सोपवणे हे कर्तव्य स्पष्ट सांगितलेले आहे. दुसरी जागा उत्तर दिशेची. मित्र कसा असावा? तर आपण गाफील असताना आपल्याला सांभाळणारा, आपली मालमत्ता राखणारा, भीतीच्या वेळी आधार होणारा, संकटात न सोडणारा आणि आपल्यामागे राहिलेल्या पिढीचा मान ठेवणारा. खोटा मित्रही सांगितला आहे. तो आपल्या वाईट कामालाही मान डोलावतो आणि चांगल्या कामालाही मान डोलावतो! तोंडावर स्तुती करतो आणि पाठ फिरली की निंदा. असे मित्र आपल्याला सभामंडपात पुष्कळ भेटतात. पण ते खरे ओळखू येतात ते घरात मयत झाल्यावर.

मयत झाल्यावर आपली माणसे कमी पडत नाहीत, हे आधी मान्य केले पाहिजे. नातेवाईक पोहोचायच्या आत मित्र पोहोचलेला असतो. फोन तोच करतो, विहारातल्या खुर्च्या तोच आणतो, भन्तेजींना किंवा बौद्धाचार्यांना तोच बोलावतो. जलदान विधी होतो, पुण्यानुमोदनाला चार गावची माणसे जेवतात, शोकसभेत दिवंगताच्या निष्ठेवर भाषणे होतात. मग मांडव निघतो आणि घरातली पत्र्याची पेटी उघडते. त्यात सातबारा असतो, चाळीच्या खोलीची भाडेपावती असते, विम्याची पॉलिसी, पासबुक, कुणाला दिलेल्या-घेतलेल्या पैशांची चिठ्ठी. त्यानंतर मित्राला पुन्हा बोलावणे येते. यावेळी साक्षीदार म्हणून सही करायला! आणि कागद बहुतेक वेळा एकच असतो. बहिणींनी भावाच्या लाभात लिहून द्यायचे हक्कसोडपत्र.

सिगालाला केलेल्या उपदेशात शब्द 'पुत्र' असा आहे. तो त्या काळाचा शब्द. आपल्या काळाचा शब्द कायद्यात लिहायला बाबासाहेबांनी घेतला होता. हिंदू कोड बिलात मुलीचा वाटा मुलाइतका असावा, यासाठी त्यांनी किती झुंज दिली आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिमंडळाचा राजीनामा देण्याच्या कारणांमध्ये हे बिलही कसे होते, हे या पानाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. बिलाचे तुकडे झाले आणि त्यातला वारसा कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. आपण बौद्ध झालो म्हणजे या कायद्यातून सुटलो, असे काही भाऊ सांगत फिरतात. ते साफ खोटे आहे. याच कायद्याच्या कलम २ मध्ये बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. मृत्युपत्र न करता बाप वारला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई यांना समान वाटा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जन्माने हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती वगळणूक गेली. बाप २००५ च्या आधी वारला म्हणून मुलीचा हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सांगून टाकले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही.

कायदा इतका स्वच्छ आहे. घोळ आहे तो आपल्या जमिनीचा आणि आपल्या मनाचा. पश्चिम महाराष्ट्रात आपल्याकडे जी काही जमीन आहे ती बहुतांशी महार वतनाची. या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले होते. वतने प्रत्यक्षात खालसा झाली ती १९५८ च्या कायद्याने आणि जमीन आकाराच्या काही पट रक्कम भरून पुन्हा आपल्या नावे झाली. पण ती भोगवटादार वर्ग २ म्हणून! जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सातबाऱ्यावर तीन पिढ्यांची नावे, गुंठ्या-दोन गुंठ्यांचे हिस्से, अर्धी माणसे मुंबईत. पिकाच्या हिशेबाने या तुकड्याची किंमत काहीच नसते, म्हणून चाळीस वर्षे कुणी भांडत नाही. मग शेजारून रस्ता जातो, एमआयडीसी येते, मोबदल्याची नोटीस येते आणि सख्खे भाऊ, सख्ख्या बहिणी, जिवाभावाचे मित्र अचानक एकमेकांना ओळखेनासे होतात.

सातारा जिल्ह्यातील दोन मित्र माझ्या परिचयाचे आहेत. दोघे एकाच वसतिगृहात वाढले, नामांतराच्या लढ्यात एकाच कोठडीत राहिले. पुढे एक मुंबईत बँकेत लागला, दुसरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला. बँकेतल्याचे वडील वारले तेव्हा दोघेही निवृत्तीला टेकले होते. मागे दोन भाऊ, दोन बहिणी. थोरली बहीण विधवा, पुण्यात चार घरची धुणीभांडी करणारी. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती, आणि हे दोघे वसतिगृहात शिकत होते. सुट्टीत घरी आल्यावर तिच्या मजुरीची भाकरी दोघांनी खाल्लेली. वतनाच्या जमिनीचा रस्त्याकडेचा तुकडा रुंदीकरणात गेला आणि मोबदला मंजूर झाला.

मित्राचा फोन आला, "मास्तर, उद्या तालुक्याला यायचंय तुला. साक्षीला."

मास्तरांनी विचारले, "आक्कानं कागद वाचलाय का?"

"तिला काय वाचायचंय? तिचं काही म्हणणं नाही. साडीचोळी करतोय, वर हातात पंचवीस हजार ठेवतोय."

"मोबदला किती आलाय ते तिला सांगितलंस?"

तिकडून उत्तर आले, "तू माझा मित्र हायेस का तिचा?"

मास्तर दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेले नाहीत. पुण्याची एसटी धरून ते आक्काकडे गेले. मसुदा त्यांच्याकडे होताच, तो त्यांनी तिला वाचून दाखवला. मोबदल्याचा आकडा सांगितला, तिचा चौथा हिस्सा किती होतो तेही सांगितले. आक्काने सगळे ऐकून घेतले, दोनदा आकडा विचारला. मग म्हणाली, "मला माहेर पायजे, मास्तर. ह्या पैशानं माहेर मिळतंय का?" आणि पुढच्या आठवड्यात जाऊन तिने सही केली. साक्षीदार दुसरा मिळाला. साक्षीदार कुठेही मिळतो! मास्तर पुण्याला गेले होते हे मित्राला कळले आणि चाळीस वर्षांची मैत्री तिथे संपली.

आता काही मंडळी म्हणतात, मास्तरांनी हे करायला नको होते. दुसऱ्याच्या घरात तोंड कशाला घालायचे? बहिणीने शेवटी सही केलीच ना, मग मिळाले काय? हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. घरात तोंड घालायला मित्रानेच तर बोलावले होते. साक्षीदाराची सही म्हणजे कागदावरची शोभा नव्हे. अमक्या व्यक्तीने आपल्यासमोर सही केली, असे उद्या कोर्टात उभे राहून सांगण्याची ती जबाबदारी आहे. ज्याला कागदात काय आहे ते ठाऊक आहे आणि सही करणारीला ठाऊक नाही हेही ठाऊक आहे, त्याने तिथे खाली नाव लिहायचे आणि वर मैत्री म्हणायची? फसवून करून घेतलेला दस्त रद्द करायला, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो. पण धुणीभांडी करणारी बाई दिवाणी कोर्टाच्या किती तारखा करणार? तिला वेळेत सांगणारा कुणीतरी लागतो.

आणि आक्काने जाणून सही केली म्हणून भाऊ सुटला, असेही नाही. वाटा मागितला तर माहेर तुटेल, ही भीती तिच्या मनात कुणी घातली? पंचमीला, दिवाळीला मिळणाऱ्या दोन दिवसांच्या माहेराची किंमत म्हणून बहिणीचा हक्क वसूल करणारी ही रीत मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या घरात कशी टिकली, याचे उत्तर आपल्या पुढाऱ्यांनी, लेखकांनी आणि बँकेतल्या भावांनीही द्यावे.

प्रौढ वयातली मैत्री पैशाच्या जवळून जाणारच. १९२० साली बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करायला लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांच्या मदतीबरोबर नवल भथेना या पारशी मित्राचे पाच हजार रुपये कर्जाऊ होते. १९२६ साली लाडका राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनी मन मोकळे केले ते कोल्हापूरच्या दत्तोबा पवारांना लिहिलेल्या पत्रात. पैसा आणि दुःख, दोन्ही त्यांनी मित्रांकडे नेले. आपल्यातही हातउसने चालते, आणि चालावे. पण ते दोन ओळी लिहून ठेवावे. देणेकरी वारला तर त्याच्या वारसांवर ते देणे येते, परंतु त्यांना मिळालेल्या मिळकतीपुरतेच. हे माहीत नसल्याने एकीकडे मित्राच्या विधवेला लोक धमकावतात आणि दुसरीकडे खरे घेतलेले पैसेही घरचे नाकारतात. तसेच नॉमिनीचे. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कागदावर नॉमिनी म्हणून एका भावाचे नाव असले म्हणजे तो मालक होत नाही, इतर वारसांसाठी तो रक्कम किंवा खोली ताब्यात घेतो एवढेच. विम्यात पत्नी, मुले, आईवडील नॉमिनी असतील तर २०१५ पासून नियम वेगळा आहे. जमिनीच्या बाबतीत वारस नोंदीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यायची असते आणि त्या वर्दीत मुलींची नावे गाळली जातात, ती पहिली चोरी असते. फेरफार हा मालकीचा पुरावा नसला तरी मोबदल्याची नोटीस त्यातल्या नावांनाच जाते. शोकसभेत भाषण करण्याऐवजी मित्राने त्या वर्दीतली नावे मोजून पाहिली तरी पुष्कळ होईल.

मास्तरांच्या पत्नीचे मध्यंतरी निधन झाले. बँकेतला मित्र मुंबईहून रात्रीत आला, खांदा दिला, जलदानालाही थांबला. मास्तरांशी मात्र बोलला नाही. आक्काही आली होती. ती स्वयंपाकघरात बसून होती, भाऊ ओट्यावर. दोघे एकाच गाडीने परत गेले.

मास्तर अजून गावातच असतात. कुणी कागद घेऊन आले तर ते आधी घरातल्या बायकांना समोर बसवून तो मोठ्याने वाचून दाखवतात. त्यामुळे हल्ली त्यांना साक्षीला फारसे कुणी बोलावत नाही. वाचून घ्यायला मात्र बायका येतात, बहुतेक करून दुपारी, घरची पुरुष मंडळी बाहेर गेल्यावर.