शंभर व्हायोलिनं आणि एक बटण

मांडवात एक सनई वाजते आहे. तिच्या शेजारी आणखी नऊ सनईवाले आणून बसवले तर आवाज किती वाढेल? दहापट, असं बहुतेक जण सांगतील. कानाचा हिशेब मात्र निराळा असतो. हवेतली ध्वनिऊर्जा दहापट होते खरी, पण डेसिबलच्या मापात ही वाढ अवघी १० भरते आणि ऐकणाऱ्याला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. शंभर सनया आणल्या तर २० डेसिबल, म्हणजे कानाला चौपट. तेवढ्यासाठी शंभर पानं वाढायला कोणता वरबाप तयार होईल?

रायगडात हा प्रश्न व्यवहाराने सोडवला आहे. कर्जत-खालापूरकडच्या हळदी-वरातींत सनई, ढोल आणि टिमकीच्या खालूबाजाची जागा बऱ्याच ठिकाणी बेंजो पार्टीने घेतली. या बेंजोचं अमेरिकन बॅन्जोशी फक्त नावापुरतं नातं. गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये जपानमधल्या नागोयात ‘ताइशोगोतो’ नावाचं कळा दाबून वाजवायचं तारवाद्य बनवलं. त्याचाच भारतीय अवतार म्हणजे बुलबुलतरंग. त्याला पिकअप जोडला, गाडीवर अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि जनरेटर चढवला की झाला आपला बेंजो. अ‍ॅम्प्लिफायरचं बटण १ वॅटवरून १०० वॅटवर नेलं की वाढ बरोबर २० डेसिबलची. शंभर सनयांचं काम एका बोटाने होतं.

हेवी मेटलचा बँड सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत रंगमंचावर उतरतो तेव्हा हेच गणित समोरासमोर उभं राहतं. एका बाजूला ऐंशी-शंभर वादक आणि दुसऱ्या बाजूला चार माणसं. वरचढ ठरतात ती चार माणसं.

याची पहिली मोठी परीक्षा झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. ‘डीप पर्पल’चे कीबोर्डवादक जॉन लॉर्ड यांनी बँड आणि ऑर्केस्ट्रासाठी तीन भागांची रचना लिहिली होती. सोबत होता रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंद आणि संचालन माल्कम आर्नल्ड यांचं. सरावात वाद्यवृंदातले काही जण नाकं मुरडत होते. आर्नल्ड यांनी त्यांना खडसावलं, तेव्हा कुठे काम पुढे सरकलं. पहिल्या भागात लॉर्ड यांनी दोन्ही पक्षांना सरळ प्रतिस्पर्धी म्हणून उभं केलं. कधी हा बोलतो, कधी तो. यात नाट्य आहेच, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने शहाणपणही आहे. आळीपाळीने वाजवलं की कुणी कुणाला झाकत नाही. पुढे या रचनेची मूळ स्वरलिपीच हरवली. मार्को द खुय या डच संगीतकाराने ध्वनिमुद्रण ऐकून आणि चित्रफीत पाहून ती पुन्हा लिहून काढली, आणि १९९९ च्या सप्टेंबरमध्ये त्याच सभागृहात ती परत वाजली.

त्याच वर्षी, २१ आणि २२ एप्रिलला, कॅलिफोर्नियातल्या बर्कली कम्युनिटी थिएटरमध्ये ‘मेटालिका’ आणि सॅन फ्रान्सिस्को सिंफनी एकत्र आले. संचालक मायकल केमन. या बँडच्या १९९१ च्या अल्बममधल्या ‘नथिंग एल्स मॅटर्स’ची वाद्यवृंदरचना त्यांनीच केली होती. आता दोन-अडीच तासांच्या गाण्यांसाठी शंभरेक वादकांना काम द्यायचं होतं, आणि तेही ज्या गाण्यांत गिटारने जागाच ठेवलेली नाही अशा गाण्यांत.

जागा नाही म्हणजे नेमकं काय? पूर्ण जोरात वाजणारा वाद्यवृंद काही दुबळा नसतो. बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापात ७५ वादकांच्या ऑर्केस्ट्राची कमाल ध्वनिशक्ती क्षणभरासाठी सुमारे ७० वॅट भरली होती. स्पीकर तर विजेतला जेमतेम काही टक्के भाग आवाजात बदलतो. त्यामुळे जिम मार्शल यांनी १९६५ च्या सुमारास ‘द हू’ या बँडसाठी तयार केलेला १०० वॅटचा प्रसिद्ध अ‍ॅम्प हवेत सोडतो ते थोडेच वॅट. गोम वेगळीकडेच आहे. ऑर्केस्ट्रा ७० वॅट गाठतो तो क्षणभर. बाकी वेळ तो कुजबुजतो, चढतो, उतरतो. त्याच्या सर्वांत हलक्या आणि सर्वांत मोठ्या आवाजात ६० डेसिबलच्या आसपास अंतर असू शकतं. विकृत केलेल्या गिटारच्या आवाजात हा चढउतार जवळजवळ उरतच नाही. अ‍ॅम्पला त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त संकेत दिला की तो लहरींचे शेंडे छाटून टाकतो. मोठा आवाज वाढत नाही, लहान आवाज मात्र वर येतो, आणि एकदा छेडलेली तार बराच वेळ त्याच जोराने गुरगुरत राहते. शिवाय शेंडे छाटल्यामुळे मूळ स्वरात नसलेले अनेक वरचे स्वरांश जन्माला येतात. सुमारे १०० हर्ट्झपासून ५००० हर्ट्झपर्यंतचा पट्टा एकटी गिटार भरून टाकते. व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांचं घरही तिथेच.

यात कानाच्या रचनेची भर पडते. आतल्या कानातल्या शंखाकृती नलिकेत उंच स्वरांची नोंद दाराशी होते आणि खालच्या स्वरांची पार आतल्या टोकाला. खर्जाची लाट आत जाताना वाटेतला उंच स्वरांचा भागही हलवून जाते. म्हणून जाड आवाज बारीक आवाजाला सहज झाकतो, उलट सहसा घडत नाही. बेस गिटार आणि दुहेरी बेस ड्रमपुढे व्हायोलिनची नाजूक तान दिसते, ऐकू येत नाही.

मेटलवाल्यांना विकृतीचं हे शास्त्र हाताने कळलेलं असतं. भरपूर विकृती असली की ते पूर्ण कॉर्ड वाजवत नाहीत, फक्त षड्ज आणि पंचम वाजवतात. त्यांच्या भाषेत तो पॉवर कॉर्ड. ११० आणि १६५ हर्ट्झ असे दोन स्वर विकृत अ‍ॅम्पमधून गेले की त्यांच्या वजाबाकीचा तिसरा स्वर आपोआप तयार होतो: ५५ हर्ट्झ, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला षड्ज. दोनच तारा छेडून तळ मिळाला. पंचमाऐवजी गंधार घ्या, तर पाश्चात्त्य समविभागी सप्तकात तो पडतो १३८.६ हर्ट्झवर. वजाबाकी येते २८.६, आणि ती कशाशीच नीट जुळत नाही. सगळा चिखल होतो.

स्वरांश फुलवण्याची युक्ती महाराष्ट्राला परकी नाही. मिरजेचे तंबोरे बनवणारे कारागीर जवारी काढतात ती याचसाठी. घोडीचा पृष्ठभाग किंचित वक्र, त्यावर तार सतत टेकते आणि सुटते, आणि साध्या तारेत अगदी क्षीण असावेत ते वरचे स्वरांश झळाळून उठतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेचा अभ्यास करून दाखवलं की ज्या बिंदूवर तार छेडली असता काही स्वरांश मुळीच यायला नकोत, तिथेही ते या वाद्यांत ठणठणीत ऐकू येतात. विजेशिवाय केलेली ही विकृतीच म्हणायची, पण मोजून-मापून आणि हळू आवाजात केलेली.

मग वाद्यवृंदाने ऐकू यायचं तरी कसं? एक वाट ऑपेराच्या गायकांनी दाखवली आहे. पूर्ण ऑर्केस्ट्राची सर्वाधिक ऊर्जा ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि त्यावर ती उतरत जाते. शिकलेला गायक घशाच्या खालच्या भागाला विशिष्ट आकार देऊन ३००० हर्ट्झजवळ आपली ऊर्जा एकवटतो. स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनी हे मोजून मांडलं. माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची, आणि तिचा अनुनादही याच भागात. सनईसारखी दुहेरी पत्तीची वाद्यं ढोलाच्या गदारोळातून वाट काढतात तीही या वरच्या स्वरांशांच्या जोरावर.

चांगला वाद्यवृंदरचनाकार हेच हेरतो. गिटारचीच ओळ व्हायोलिनला देणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाया जाणारा उपाय. ऑर्केस्ट्रासह निघालेल्या कित्येक मेटल अल्बमांत शंभर वादक केवळ भिंतीवरचा महागडा रंग होऊन बसतात, ते यामुळेच. त्याऐवजी गिटार थांबते तिथे फ्रेंच हॉर्न आणावेत, ती खाली असेल तेव्हा व्हायोलिनं दोन सप्तकं वर न्यावीत. केमन यांची रचना सगळीकडे सारखी जमलेली नाही. पण ‘द कॉल ऑफ क्तुलू’ या शब्दविरहित तुकड्यात गायक नाही, ओळी लांब आहेत आणि वाद्यवृंदाला खरंच श्वास मिळतो. ग्रॅमी मिळालं ते याच तुकड्याला.

मुंबईच्या चित्रपटसंगीताने हा तिढा बंद खोलीत सोडवला होता. व्हायोलिनांचा ताफा आणि विजेची गिटार एकाच ध्वनिमुद्रणात बसवण्याची सवय इथल्या वादकांना सत्तरच्या दशकात पुरती लागली होती, आणि त्या ताफ्यांत गोव्याचे वादक आणि संयोजक मोठ्या संख्येने होते. त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्येच मुंबईत भारतीय रागांवरच्या रचनांसाठी शंभराहून अधिक वादकांचा ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्यात गायला लावलं. स्टुडिओत माईक कुणाजवळ आणि कुणापासून लांब ठेवायचा हे ठरवता येतं, बिघडलं तर पुन्हा वाजवता येतं. रंगमंचावर ती सोय नसते. व्हायोलिनसमोरच्या माईकमध्ये व्हायोलिनपेक्षा मागचा ड्रमच जास्त शिरतो. म्हणून वाद्याच्या अंगालाच छोटे माईक चिकटवतात आणि ड्रमभोवती पारदर्शक पडदे उभे करतात.

वेळेचा घोळ त्याहून मजेदार आहे. आवाज एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद घेतो. ड्रमवाला आणि शेवटच्या रांगेतला ट्रम्पेटवाला यांच्यात २० मीटर अंतर असेल तर ठोका त्याच्या कानी ५८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. संथ सिंफनीत हे खपून जातं. पण मिनिटाला २०० मात्रांच्या गतीने बेस ड्रम एका मात्रेत चार ठोके मारत असेल, तर दोन ठोक्यांमधलं अंतरच ७५ मिलिसेकंदांचं. जवळजवळ अख्खा ठोका हवेतच हरवला. त्यात व्हायोलिनचा स्वर गजाने घासून फुलायला वेळ लागतो आणि ड्रमचा ठोका क्षणात शिगेला जातो. म्हणून अशा कार्यक्रमांत अनेकदा वादकांच्या कानांत तारेतून ठेका पोहोचवतात. तारेतल्या संकेताला हवेची दिरंगाई नाही. कानात बसणारी ही यंत्रं बाहेरचा गोंगाटही रोखतात, आणि त्याची गरज असते: १०० डेसिबलच्या आवाजात सुरक्षित मर्यादा अवघ्या १५ मिनिटांची मानली जाते. नुसत्या ऑर्केस्ट्रातही हा धोका आहेच. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये २०१२ साली वाग्नरच्या सरावात पितळी वाद्यांच्या पुढ्यात बसलेल्या एका व्हायोलावादकाचे कान कायमचे बिघडले, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला.

आता कल्पना करा, असा कार्यक्रम कर्जत-खालापुरात ठेवायचा आहे. विजेची परंपरा तर भक्कम आहे: खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्राने १९१५ पासून मुंबईला वीज पुरवली. जागाही आहेत, चौक गावाजवळच्या एन. डी. स्टुडिओपासून उल्हास नदीकाठच्या फार्महाउसांपर्यंत. अडचण आहे ती हवेची. सिंफनीला दोन सेकंदांच्या आसपास घुमणारं सभागृह लागतं, मेटलला त्याच्या निम्म्याहून कमी. बंद सभागृहात एकाचं भलं केलं की दुसऱ्याचं बिघडतं. उघड्या मैदानात भिंतीच नाहीत, म्हणजे मेटलची चंगळ. वाद्यवृंदाला मात्र घुमारा यंत्राने द्यावा लागेल.

पावसाळा तर विसराच. भिजल्या हवेत व्हायोलिनचं लाकूड फुगतं, आणि कातड्याचा डफ शेकल्याशिवाय बोलत नाही हे इथे कुणाला सांगायला नको. उन्हाळ्यात स्वर फाटतात. २० अंशांच्या सभागृहातला वाद्यवृंद ३२ अंशांच्या संध्याकाळी बाहेर बसवला तर गरम हवेत ध्वनीचा वेग वाढतो आणि बासरी-क्लॅरिनेट चढतात. नुसत्या हवेचा हिशेब केला तर हा चढ अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याइतका होतो. वादकाच्या उबदार फुंकरीमुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो. गिटारच्या पोलादी तारा मात्र उष्णतेने सैलावून उतरतात. दोन्ही पक्ष विरुद्ध दिशांना निघाले.

राहिला हिवाळा, आणि हिवाळ्यात रात्र घात करते. सूर्य मावळला की जमीन लवकर निवते, माथेरानच्या आणि सह्याद्रीच्या उतारांवरून गार हवा खोऱ्यात उतरते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. दिवसा आवाज वर वाकून आकाशात निघून जातो. रात्री हाच थर त्याला पुन्हा जमिनीकडे वाकवतो. घाटाखालच्या गावांत थंडीच्या रात्री लांबच्या गाडीचा भोंगा उशाशी वाजल्यासारखा वाटतो तो याचमुळे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, म्हणजे साधारण शांत घराइतकी.

त्यामुळे ध्वनियंत्रणावाल्याला जानेवारीतली दुपार टळल्यानंतरची वेळ गाठून दहाच्या आत आवरावं लागेल, आणि खर्जाचे मोठे स्पीकर मागच्या बाजूचा आवाज एकमेकांत मारतील अशा रचनेत मांडावे लागतील. कारण हवा सगळ्या स्वरांना सारखं वागवत नाही. ४००० हर्ट्झचा स्वर किलोमीटरभर जाताना नुसतं हवेचं शोषणच सुमारे २३ डेसिबल खातं, १२५ हर्ट्झचा स्वर अर्धा डेसिबलही गमावत नाही. दोन किलोमीटरवरच्या वाडीत व्हायोलिनं पोहोचणार नाहीत. पोलिसांना फोन जाईल तो बेस ड्रममुळे.