दाढीचे सामान किती वेळा बदलावे?

परवा दवाखान्यात एक गृहस्थ आले. गळ्यावर लाल पुटकुळ्या, आग होत होती. महिन्याभरात त्यांनी ३ साबण, २ कंपन्यांची ब्लेड आणि नवे लोशन वापरून पाहिले होते. आता दोष कुणाला द्यायचा? सुगंधी द्रव्यांची अ‍ॅलर्जी बहुधा एक-दोन दिवसांनी उमटते. तोवर दुसरा साबण आलेला असतो!

पुरळ बसेपर्यंत दाढी करू नका. नंतर एका वेळी एकच वस्तू बदला, २-३ आठवडे पाहा. दाढी कोमट पाण्याने भिजवा, केसांच्या दिशेनेच हलका हात फिरवा. पू झाल्यास डॉक्टरांना दाखवा.

तरुणपणी ही हौस मीही केली. पण एकदा मानवलेले सामान सोडू नये, हेच खरे.