रूळ उखडले, पट्टी राखली

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातली 'केटी ट्रेल' ही सायकलवाट मुळात मिझुरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वेचा लोहमार्ग. १९८६ च्या पुराने मार्गाची वाताहत झाली, गाड्या थांबल्या, रूळ उखडले गेले आणि १९९० पासून त्याच भरावावर टप्प्याटप्प्याने सायकली धावू लागल्या. आज ही वाट मेचेन्सपासून क्लिंटनपर्यंत सुमारे ३८६ किलोमीटर आहे. तिच्यावरचं बहुतेक लेखन नदी, कडे आणि वाइनची गावं यांतच रमतं. रमावं, पण खरी कमाई वेगळी आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जोडलेली जमिनीची सलग पट्टी तिथे तुकडे न होता टिकली. सायकलस्वाराला मिळतं ते त्या ठेवीवरचं व्याज.

रोशपोर्ट ते नॉर्थ जेफरसन हा साधारण ५६ किलोमीटरचा टप्पा पाहा. एकट्या स्वाराला दिवसभराला पुरेसा. रोशपोर्टच्या पश्चिम वेशीवर, म्हणजे या टप्प्याच्या उलट बाजूला, १८९३ सालचा सुमारे ७४ मीटरचा बोगदा आहे. तिथे कडा थेट पुढे आलेला, म्हणून तो फोडावा लागला. टप्प्यावर निघालं की डावीकडे चुनखडीचे उंच कडे, उजवीकडे मिझुरी नदी. चाकांखाली दाबून बसवलेला चुनखडीचा चुरा असतो. पाऊस झाला की तो चेनला आणि मडगार्डच्या आत चिकटून बसतो. वाफेच्या इंजिनाला चढ सोसत नसे, म्हणून अभियंत्यांनी नदीकाठ धरला; त्याचा फायदा आज सामान लादलेल्या सायकलीला होतो. मॅकबेन, हार्ट्सबर्ग अशी गावं थोड्याथोड्या अंतरावर येतात, कारण आसपासच्या शेतकऱ्याला धान्याची गाडी स्टेशनपर्यंत आणता यायला हवी होती. प्रत्येक गावात पाणी मिळेलच असं नाही, बाटल्या भरूनच निघावं. पण वाट चुकण्याची भीती नाही आणि मागून ट्रक येत नाही. एकट्याने निघायला यापेक्षा जास्त काय लागतं? यातलं काहीही सायकलीसाठी आखलेलं नव्हतं आणि नव्याने आखायला गेलं तर एवढी सलग जागा मिळणारही नाही.

ही पट्टी टिकली कशी, हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत कित्येक ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नव्हती, फक्त वहिवाटीचा हक्क होता. रेल्वेने मार्ग कायमचा सोडला की तो हक्क संपायचा आणि पट्टी शेजारच्या शेतांत विरून जायची. १९८३ च्या कायदादुरुस्तीने यावर तोड काढली: पुढे कधी रेल्वेला लागेल म्हणून मार्ग राखीव ठेवायचा आणि तोवर तिथे पायवाट, सायकलवाट चालवायची. रेल्वेला परत यायची मुभा कायम. केटी याच तरतुदीवर उभी राहिली. उद्योजक टेड जोन्स आणि त्यांच्या पत्नी पॅट यांच्या देणगीने तिला बळ दिलं.

शेजारच्या जमीनमालकांचा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नव्हता. आजोबांनी रेल्वेसाठी वाट दिली, हौशी मंडळींसाठी नव्हे, हे म्हणणं वाजवीच होतं. प्रकरण कोर्टात गेलं. व्हरमाँटमधल्या अशाच एका खटल्यात १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण सरकारकडे भरपाई मागण्याची वाट मोकळी ठेवली. पुढे मिझुरीतल्या काही मालकांच्या बाजूनेही निकाल लागले. मला हा तोडगा न्याय्य वाटतो. खर्च समाजाने उचलायचा, पण पट्टी तोडायची नाही. दुसरा आक्षेप असा की रेल्वे परत येते कुठे? फार थोड्या राखीव मार्गांवर ती परतली, हे खरंच आहे. पण मधल्या एका शेतात भराव सपाट झाला, एक पूल भंगारात गेला, की ती शक्यताच उरत नाही. १९९३ च्या महापुराने केटीचीही मोठी लांबी उद्ध्वस्त केली. ती पुन्हा बांधता आली, कारण खालची जागा हातची गेली नव्हती.

आपल्याकडे विदर्भातल्या शकुंतला रेल्वेची मूर्तिजापूर-यवतमाळ ही ११३ किलोमीटरची आणि मूर्तिजापूर-अचलपूर ही ७६ किलोमीटरची नॅरोगेज वाट बंद आहे. कायदा निराळा, मालकीचा इतिहास निराळा; मिझुरीची नक्कल इथे चालणार नाही. इथल्या लोकांना सायकलवाट नको, ब्रॉडगेज हवी आहे, आणि ती मागणी रास्त आहे. पण त्यासाठीही आधी पट्टी शाबूत राहायला हवी. म्हणून ब्रॉडगेजच्या प्रत्येक निवेदनात आणखी एक ओळ घाला: जमीन मोजा, हद्दीचे दगड रोवा आणि अतिक्रमण आताच थांबवा.