तिरकी चेन, नारिंगी अस्तर

दिवाळी सरली की छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या बाजारात जॅकेटं दिसू लागतात. आपल्या शहराची थंडी तशी सौम्य. जॅकेट खरं लागतं ते पहाटे गाडी काढून वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात पहिली पाळी गाठणाऱ्याला. गिऱ्हाईक रंग बघतं, भाव करतं. पण या कपड्यांवरची जवळजवळ प्रत्येक शिवण कुणाच्या तरी कामातून आलेली आहे.

चामड्याच्या जॅकेटाची तिरकी चेन घ्या. न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीने १९२८ मध्ये मोटरसायकलस्वारांसाठी असं जॅकेट काढलं. गाडीवर पुढे वाकलं तरी तिरकी चेन पोटात रुतत नाही आणि एक पाखा दुसऱ्यावर चढल्यामुळे छातीत वारा शिरत नाही. १९५३ च्या ‘द वाइल्ड वन’मध्ये मार्लन ब्रँडोने ते घातलं आणि तरुणांच्या बंडखोरीची ती खूण झाली. बजाजचा कारखाना १९८५ पासून ज्या वाळूजमध्ये आहे, तिथल्या रस्त्यावर मात्र ही चेन आजही मूळ कामच करते.

बॉम्बर जॅकेटची गोष्ट याहून सुरस. अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांना १९३१ पासून ए-२ नावाचं चामडी जॅकेट मिळे. कमरेला आणि मनगटाला विणलेली पट्टी, म्हणजे गार हवा आत येणार नाही. जेट विमानं आली, उंची वाढली; भिजलेलं चामडं वर जाऊन गोठू लागलं. म्हणून १९५० च्या सुमारास नायलॉनचं एमए-१ आलं. आधीच्या काही जॅकेटांची केसाळ कॉलर हवाई छत्रीच्या पट्ट्यांना आड येई, तीही गेली आणि तिथे विणलेली पट्टी बसली. पुढे अस्तर नारिंगी केलं गेलं. विमान पडलं तर वैमानिकाने जॅकेट उलटं घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना तो लांबून दिसावा. फॅशन म्हणून आपण पाहतो तो नारिंगी रंग माणूस वाचवण्यासाठी निवडलेला होता.

टोपीची पार्का उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची, कातड्यापासून शिवलेली. डेनिमचं जॅकेट खाणमजूर, गुराखी, रेल्वे कामगार यांच्या अंगावरचं.

आपल्याकडेही असेच गरजेतून आलेले कपडे होते. बाराबंदीला बटण नाही, बंद आहेत. छातीवर कापडाचे दोन थर येतात आणि अंग वाढलं-घटलं तरी बंद सैल-घट्ट करता येतात. सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी आजही पांढरी बाराबंदी घालतात.

आणि या शहराचं स्वतःचं कापड म्हणजे हिमरू. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी जवळच्या दौलताबादला हलवली तेव्हा विणकर इथे आले, असं परंपरा सांगते. निजामाच्या राज्यात सरदार-दरकदारांच्या शेरवान्या आणि जाकिटं हिमरूची असत. जरीचा किनखाब महाग आणि जड. हिमरूत सुती ताणा आणि रेशमी बाणा, म्हणून तो हलका आणि स्वस्त. नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला सुटे राहतात आणि त्यांचा मऊ थर तयार होतो, त्यामुळे अंगाला ऊब मिळते. जुन्या खड्डामागावर एक जण विणायचा आणि दुसरा वर बसून नक्षीचे दोर ओढायचा. दोघांच्या दिवसभराच्या मेहनतीनंतर कापड थोडंसंच पुढे सरके. असे माग आता फार थोडे उरलेत, आणि हिमरू म्हणून विकलं जाणारं बरंच कापड यंत्रमागाचं असतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण इथल्या हिवाळ्याला इतकं बेताचं उबदार कापड दुसरं नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की हिमरूची शाल घडी घालून कपाटात ठेवण्यापेक्षा हिमरूचं जॅकेट शिवून घ्यावं. बिनबाह्यांचं जाकीट तर शोभतंच, पण बॉम्बरचा कटही छान बसेल. कापड हातमागाचं की यंत्रमागाचं हे दुकानदाराला स्पष्ट विचारावं, उलटी बाजू उजेडात पाहावी आणि शिंप्याला आतून पूर्ण अस्तर लावायला सांगावं. नाहीतर मागचे सुटे धागे घड्याळात, अंगठीत अडकून ओढले जातात.