वाळवंट पाहावं पाण्याच्या वाटेनं

राजस्थानची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे राजवाडे, उंट आणि दाल-बाटी उभी राहते. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकाही तशाच छापलेल्या असतात. दहा दिवसांत जयपूर, जोधपूर, जैसलमेर, जमलं तर उदयपूर. रोज एक किल्ला, एक महाल आणि संध्याकाळ बांधणीच्या साड्यांना राखून ठेवलेली. त्याला माझी हरकत नाही. पण टूर मॅनेजर म्हणून अशा गटांबरोबर जाताना एक गोष्ट हमखास दिसते. चौथ्या-पाचव्या दिवशी मंडळींच्या डोक्यात सगळे किल्ले एकमेकांत मिसळून जातात. आमेर कुठला आणि मेहरानगड कुठला, हे स्वतः काढलेले फोटो पाहूनही सांगता येत नाही. म्हणून मी त्यांच्या हाती एक धागा देतो, पाण्याचा.

आमचा गट स्वारगेटला जमतो. बॅगा मोजून होईपर्यंत मी विचारतो, ‘सारसबागेतल्या गणपतीला तळ्यातला गणपती का म्हणतात?’ उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं. तिथं खरोखरच तळं होतं, पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी करवलेलं. त्याच काळात कात्रजच्या तलावातलं पाणी बंदिस्त नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं आणि वाटेतल्या पेठांमधले हौद त्यावर भरू लागले. आज बदामी हौद, फडके हौद ही नावं पत्ता सांगण्यापुरती उरली. तळ्याची बाग झाली. एका शहराचं पाणी नजरेआड होतं म्हणजे काय, हे पुणेकराला वेगळं शिकवावं लागत नाही. आता जिथं वर्षभराचा पाऊस जेमतेम पुण्याच्या एका जुलैएवढा, तिथं माणसांनी शहरं कशी वसवली असतील, हा प्रश्न घेऊन गाडीत बसायचं.

जयपूर मी लवकर उरकतो. सवाई जयसिंगानं १७२७ मध्ये आखून वसवलेलं शहर, जंतरमंतर, हवामहल, हे तुम्ही कुठेही वाचाल. पण आग्र्याच्या बाजूला थोडी वाट वाकडी करून आभानेरीची चाँद बावडी जरूर पाहावी. सुमारे अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीची ही विहीर, साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या, तेरा मजले खोल. लोक वरून फोटो काढतात आणि निघतात. एवढ्या पायऱ्या कशाला, असं क्वचितच कोणी विचारतं. पावसाळ्यानंतर पाणी वर असतं, उन्हाळ्यात ते तळाशी जातं. पोहऱ्याचा दोर लांबवत बसण्याऐवजी माणसानं पाण्याच्या मागे मागे खाली उतरायचं, म्हणून त्या पायऱ्या. शिवाय खोल विहिरीच्या तळाशी ऊन कमी लागतं, पाणी कमी आटतं आणि गारव्याला चार माणसं बसू शकतात. जोधपूरच्या जुन्या शहरातही अठराव्या शतकातला तूरजी का झालरा याच कुळातला.

जोधपूरला मेहरानगडावर सगळ्यांच्या नजरा तोफांकडे आणि खालच्या निळ्या घरांकडे असतात. मी गडाच्या पायथ्याची राणीसर आणि पद्मसर ही तळी दाखवतो. समोर दिसतो तो उमेद भवन महाल, १९२९ साली पाया घातलेला आणि १९४३ मध्ये पुरा झालेला. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून तो बांधायला घेतला, असं सांगतात. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात लोकांनी पाझर तलाव खणले, रस्ते केले. कामाला मजूर दोन्हीकडे लागले. पण पाझर तलावात पुढच्या पावसाचं पाणी मुरतं, महालात नाही. हे माझं मत, गटातल्या सगळ्यांना ते पटतंच असं नाही.

खरी गोष्ट आहे जैसलमेरची. सम इथल्या वाळूच्या टेकड्यांकडे जाताना कुलधरा हे पालीवाल ब्राह्मणांचं ओसाड गाव लागतं. दुष्ट दिवाण, एका रात्रीत गाव सोडून गेलेली माणसं आणि शाप, अशी कथा स्थानिक गाईड रंगवून सांगतात. भुताची गोष्ट ऐकायला मलाही आवडते. पण याच पालीवालांची ‘खडीन’ कोणी दाखवत नाही. उतारावरून वाहत येणारं पावसाचं पाणी सखल भागात लांबलचक मातीचा बांध घालून अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीत गहू-हरभरा घ्यायचा. वाळवंटात, विहिरीशिवाय गहू! या भागात काही खडिनी अजून कसल्या जातात.

आणि मग तो सोनेरी किल्ला. रावळ जैसल यानं ११५६ साली वसवला, नव्व्याण्णव बुरुजांचा, आत अजून हजारो माणसं नांदती आहेत. शतकानुशतकं या किल्ल्यात पाणी डोक्यावरून आलं. बायका खालच्या गडीसर तलावावरून घागरी भरून चढ चढत. इतक्या कष्टानं आलेलं पाणी कोण सांडेल? जे सांडे ते आणि पावसाचं, ‘घूट नाली’ नावाच्या पन्हळींतून उतारावर निघून जाई.

पुढे नळ आले. पर्यटक आले, घरांची गेस्ट हाऊस झाली, फ्लशची स्वच्छतागृहं आली. जुन्या नाल्यांना हा भार पेलेना. पाणी झिरपू लागलं ते थेट डोंगरात. हा डोंगर आपल्या सह्याद्रीसारखा काळ्या कातळाचा नाही. वालुकाश्म, शेल आणि चिकणमातीचे थर आहेत ते. चिकणमाती भिजली की फुगते, मऊ होते, वरचा भार सरकू लागतो. नव्वदच्या दशकात काही बुरूज ढासळले. १९९६ साली धोक्यातल्या वास्तूंच्या जागतिक यादीत किल्ल्याचं नाव लागलं. २०१३ मध्ये युनेस्कोनं राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांत त्याला जागतिक वारशाचा मान दिला. नाल्या-गटारांची कामंही झाली. तरी ऑगस्ट २०२४ च्या जोरदार पावसात भिंतीचा एक भाग कोसळलाच. शत्रूच्या वेढ्यांना पुरून उरलेल्या या किल्ल्याला आता पाण्याचा घोर आहे, तोही वाळवंटात.

म्हणून आमचा मुक्काम मी किल्ल्याच्या खाली, गावातल्या हॉटेलात ठेवतो. यावर वाद होतो. ‘एवढे पैसे भरून किल्ल्यात एक रात्र नाही?’ असं एखादे काका दरवेळी विचारतात. एका काकूंनी तर मला सरळ सुनावलं, ‘अहो, आमच्या दोन बादल्यांनी काय किल्ला पडतोय?’ दोन बादल्यांनी नाही पडत, काकू. पण हंगामात रोज किती बादल्या होतात, त्याचा हिशेब करून बघा. आतल्या लोकांचं पोट याच धंद्यावर आहे, तेव्हा पुण्याहून जाऊन ‘हॉटेलं बंद करा’ म्हणणंही मला शोभणार नाही. आम्ही दिवसभर किल्ल्यात फिरतो, तिथंच जेवतो, खरेदीही तिथल्याच दुकानांत करतो. रात्री खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला गडीसरच्या काठावर जायचं. तिथून मान वर केली की अख्खा किल्ला दिसतो आणि घागर घेऊन किती चढावं लागत असेल, ते कोणाला सांगावं लागत नाही.