पडद्यामागचे बाबूजी : सुधीर फडके

भूमिका आणि कारकीर्द

• मूळ नाव रामचंद्र विनायक फडके. जन्म कोल्हापूर, २५ जुलै १९१९. निधन मुंबई, २९ जुलै २००२.

• पार्श्वगायक : पडद्यावर नट केवळ ओठ हलवीत असता ज्याचा पूर्वमुद्रित कंठस्वर प्रेक्षकांच्या कानी पडतो, तो.

• संगीतकार : चाल बांधणारा. चित्रपटसृष्टीत हे दोन्ही हुद्दे बहुधा भिन्न व्यक्तींकडे असतात. फडके यांनी दोन्ही सांभाळले.

• ‘प्रभात’ चित्रपटसंस्थेच्या ‘गोकुळ’ला (१९४६) संगीत.

• ‘जगाच्या पाठीवर’मध्ये (१९६०) चाली त्यांच्या, शब्द ग. दि. माडगूळकरांचे आणि पडद्यावरील राजा परांजपे यांच्या मुखीचा स्वरही फडके यांचाच.

• हिंदीत ‘भाभी की चूडियाँ’ला (१९६१) संगीत.

• त्यांनी संगीत दिलेली ‘गीतरामायण’ ही गीतमालिका चित्रपटासाठी नव्हे, पुणे आकाशवाणीसाठी (१९५५-५६), गीते ५६.